सुटं

काउंटरला दोरीनं बांधलेली कातर होती
दांडिया बाजारात, एकतीस वर्षं.
पेन हरवायचं, टाचण्या हरवायच्या, कातर नाही.
दहाच्या पट्टीतून दोन कापायच्या, तीन कापायच्या,
कापताना औषधाचं नाव एका तुकड्यावर राहायचं
नि तारीख दुसऱ्या.

"बे गोळी आपो ने, खानविलकरकाका."
जशुबेनला जुलाब: दोन.
इद्रिसभाईच्या घशात काटे: तीन,
चौथीचे पैसे उद्या.
उद्या तो सायकलवरूनच हात करून गेला, बरा झालेला.
चौथी त्यानं मागितली नाही.
मीही हाक मारली नाही.

सुटं देणं ही आमच्याकडे माणुसकी होती.
पंचवीस तारखेला
अख्ख्या पट्टीचे पैसे असतात कुणाकडे?

मला स्वतःला तर पुडीही लागत नसे.
घसा खवखवला की एक, शटर उघडता उघडता.
पोट बिघडलं की दुसरी, चहाबरोबर.
बरं वाटलं की बंद.
दुकानदाराला कोण सांगणार, डोस पुरा कर?

डॉक्टर मांकडांनी दुर्बीण घातली.
जठराच्या भिंतीवर व्रण, जुन्या एक पैशाएवढा.
आत एक पिळदार जंतू राहतो, म्हणाले,
ऐन आम्लात,
स्वतःभोवती अमोनियाचा एवढासा आडोसा करून.
बहुधा लहानपणापासूनच.
म्हणजे माझ्या मुंजीत जेवला, लग्नात जेवला,
दुकानाच्या पहिल्या दिवशी पेढाही खाल्ला त्यानं.

पहिला कोर्स चौदा दिवसांचा.
एकही गोळी चुकवली नाही, जन्मात पहिल्यांदा.
तो हलला नाही.

मग नमुना प्रयोगशाळेत गेला. तिथली झंखना,
माझ्या नातीच्या वयाची, मला बशी दाखवते.
दाखवायची नसते, पण मी धंद्यातला.
"औषध चाललं असतं ना काका,
तर या चकतीभोवती मोकळी जागा दिसली असती,
चंद्राला खळं पडतं तशी."
खळं नव्हतं.
गर्दी थेट चकतीला भिडलेली,
माझ्या काउंटरला संध्याकाळी सातला भिडायची तशी.

कसं काय, विचारलं.
म्हणाली, एक अक्षर.
त्याच्या लांबलचक मजकुरात एक अक्षर बदललं
नि औषधाला टेकायला जागा उरली नाही.

एक अक्षर!
डॉक्टरांचे कोंबडीचे पाय वाचण्यात माझी हयात गेली.
एक चुकतं तर माणूस दगावता,
म्हणून मी एकही चुकू दिलं नाही.
त्याचं एक चुकलं
आणि तो तगला.
बाकीचे मेले, तो तेवढा मागे राहिला, वाढला,
माझ्याच दोन-दोन तीन-तीन गोळ्यांवर:
मारायला कमी,
निवडायला पुरेशा.

परतताना मुलानं विश्वामित्रीच्या पुलावर गाडी हळू केली.
खाली चिखलात मगर पडली होती, तोंड उघडं टाकून.
लोक वरून फोटो काढत होते.
तिला कसलीच घाई नव्हती.

आता दुसरा कोर्स. चार औषधं,
दिवसाला डझनाहून जास्त गोळ्या,
अख्ख्या पट्ट्या, बिलासकट.
जीभ काळी, शौच काळं,
तोंडात दिवसभर शटरच्या किल्लीची चव.

दहाव्या दिवशी जळजळ थांबली.
हा दहावा दिवस मला चांगला ठाऊक आहे.
एकतीस वर्षं मीच तो काउंटरवरून दिला:
बरं वाटतंय ना? मग राहू द्या बाकीच्या,
पुढच्या वेळी लागतील.
हात पट्टीपाशी जाऊन थांबला.
मग घेतली. पाण्याबरोबर. अकराव्या दिवशीही.

महिन्यानं पिशवीत फुंकायचं आहे.
श्वास सांगेल, गेला की राहिला.
झंखना म्हणते, आशा ठेवा; आकडा सांगत नाही.

तोवर जुन्या वह्या चाळतो.
इद्रिसभाई हल्ली कुठे असतो, माहीत नाही.
पोट कसं आहे त्याचं, तेही नाही.
एक ओळ अजून उघडीच आहे, माझ्या अक्षरात:
गोळी एक, बाकी.