फोटोखालची ओळ

परभणीच्या संग्रहालयात, मागच्या दालनात,
एरवी जिथे नाणी असतात आणि एक फुटका वीरगळ,
तिथे आम्ही त्रेचाळीस फोटो टांगले.
खिळे कमी पडले. शेवटचे दोन
जिन्याखाली गेले, मीटरच्या पेटीजवळ.

खालच्या ओळी मी लिहिल्या,
एका फोटोला बारा रुपये.
मोर्चा, स्टेशन रोड.
लाठीमारानंतरच्या चपला.
जळालेली वस्ती, बोरगव्हाण, अठ्ठ्याहत्तर.
एकोणिसावा : घागर घेतलेली महिला.
मागे कुडाच्या भिंतीचा काळा सांगाडा
आणि वर आभाळ,
कुणी चुना फासल्यासारखं.

तिसऱ्या दिवशी, भर दुपारी,
वीज गेलेली, वॉचमन पायरीवर पेंगत होता,
तेव्हा एक म्हातारी आली
नातीच्या खांद्यावर हात टेकून.
मोर्चावरून तिची नजर नुसती सरकली.
एकोणिसाव्यापाशी थांबली.
पदर सारखा केला. आपला.
फोटोतली तर उघड्या डोक्यानं उभी.

"ही घागर मव्ही न्हाई," ती म्हणाली.

मला वाटलं, आता रडेल.
मी खुर्ची आणली, पाणी आणलं.
बसली नाही.
"मव्ही पितळंची व्हती, लग्नातली.
तिचं काळं ढेकूळ झालं.
ही धुरपताची, जर्मनची.
फोटुवाला म्हन्ला, बाई, कायतरी घ्या हातात.
मंग तिनं दिली.
रिकामीच. पानी कुठलं, बापा?
हिरीवर त्याहीनं काट्या टाकल्या व्हत्या."

नात माझ्याकडे वळली. नाव का नाही लिहिलं?
फाईलमध्ये नाही, मी म्हणालो.
खरंच नव्हतं.
फोटो काढणाऱ्याचं होतं, कॅमेऱ्याचं होतं,
भिंगाचा आकडासुद्धा होता.
आणि दालनाच्या दारावर, वीतभर अक्षरात,
मीच रंगवलं होतं :
एका नावासाठी सोळा वर्षे.

मी पेन काढलं. सांगा.

"आधी धुरपता लिव्ह. धुरपता ग्यानू खिल्लारे."
पण त्या यात नाहीत.
"कामून न्हाईत? हे काय."
तिनं काचेवर बोट ठेवलं, खाली, उजव्या कोपऱ्यात.
लांबट काळं काहीतरी. मी डाग समजलो होतो.
मोठा फोटो छापताना पुसायचा राहून गेला होता
वेळ नव्हता म्हणून.
"सावली हाय तिची. उन्हं कलली व्हती.
मला म्हनत व्हती, चौत्रे, नीट उभी ऱ्हाय,
पाय कापू देऊ नगं."

तेवढ्यावरून मला तिचं नाव कळलं.
आडनाव नातीनं सांगितलं. पाईकराव.

कार्ड पुरलं नाही. खाली दुसरं चिकटवलं,
जरा तिरकंच बसलं.
संध्याकाळी कार्यालयातून विचारणा झाली,
एकोणीस नंबरला दोन कार्डं कशी,
आणि महिला एकच दिसते, नावं दोन का,
आणि हेही की,
काही लिहा, बाराच रुपये मिळतील.