चारशेपर्यंत

सकाळी साडेआठला मोराग खालून बरणी पाठवते.
बर्फात रोवलेली. झाकणावर क्रमांक, नाव नाही.
मला नाव लागत नाही.
मला लागतात चारशे पेशी,
मोजायला.

खाली काय चालतं ते ऐकून माहीत आहे :
माणसाला खाऱ्या पाण्याची वाफ ओढायला लावतात,
तीन टक्के, मग चार, मग पाच,
क्लाइड जिथे समुद्राला मिळते तिथली हवा
नळीतून आणल्यासारखी.
तो खोकतो. थांबतो. पुन्हा खोकतो.
"लाजू नका," मोराग म्हणते,
"घशातलं नको, खोलातलं काढा."

क्रमांक एकतीस. रोग : दमा.
दम्याच्या काचेवर मी आधी गुलाबी दाणे शोधते,
इओसिनोफिल,
ते भरपूर असले की तपकिरी पंप लागू पडणार
असा आमचा भरवसा.
इथे चारशेत पाच.
बाकी सगळी न्यूट्रोफिलांची गर्दी,
आणि मधूनमधून थोराड भक्षक पेशी,
पोटात काळपट तपकिरी कण घेऊन बसलेल्या,
न विसळलेल्या किटलीच्या बुडासारख्या.

कागदावर त्याने लिहिलंय : सिगारेट सोडली, मार्चमध्ये.
पेशींनी कागद वाचलेला नाही.

उन्हाळ्यात त्याचा डोस दुप्पट केला होता.
पालथ्या घड्यावर पाणी.
फुंकर मोजायच्या नळीतला आकडा तिथेच,
दोनशे चाळीस,
रात्री अडीचची धाप तिथेच,
उशाशी निळा पंप, तोही अर्धा रिकामा.

दुपारी मी बसथांब्यावर गेले, सॉसेज रोल खायला.
नोव्हेंबर. पाऊस आडवा.
पिवळ्या झगझगीत जाकिटातला एक माणूस
सिगारेट तळहाताच्या आडोशाला धरून म्हणाला,
"काडी आहे का, बाई?"
मनगटावर कागदी पट्टा. एकतीस.

माझ्या खिशात लायटर असतो.
नऊ वर्षं झाली सोडून, लायटर सुटला नाही.
मी तो दिला.
(हे मी मोरागला सांगितलेलं नाही.)

"फिंटन गिलहूली," त्याने न विचारता सांगितलं.
रस्ते झाडायची गाडी चालवतो, पहाटे चारपासून.
"अर्ध्या ग्लासगोची थोटकं मी उचलतो,
उरलेल्या अर्ध्यातली काही माझी."
नर्स म्हणते, सहा आठवडे खरंच सोडून बघ,
मग औषधाला आत शिरायला वाट मिळेल कदाचित.
"कदाचित म्हणाली हां. पोरगी प्रामाणिक आहे."
त्याने बोटांवर आठवडे मोजले.
"म्हणजे नाताळही गेला. हॉगमनेही गेली."

"तुम्ही वर काय करता?"
"मोजते."
"काय?"
"चारशेपर्यंत. काहीतरी."
तो हसला, हसू मध्येच अडकलं,
छातीतून दूरची शिट्टी वाजावी तशी सूं सूं,
थांब्याच्या काचेला हात टेकून उभा राहिला,
आणि मी, जिने सकाळी त्याचं आतलं
चाळीसपट मोठं करून पाहिलं होतं,
त्याची पिशवी धरून उभी.
दुसरं काही सुचलं नाही.

बस आली. त्याने सिगारेट विझवली,
टाकली नाही. उरलेली पाकिटात ठेवली,
जपून, परतीच्या तिकिटासारखी.
लायटर परत करायचा राहिला.

जानेवारीची सोळा. बरणी, बर्फ, एकतीस.
आता त्या आकड्याला आवाज आहे,
जो मला नको होता.
रंग चढवून काच भिंगाखाली सरकवते.
भक्षक पेशींच्या पोटात ते कण आहेतच,
ते इतक्यात जात नाहीत, महिनोन्‌महिने राहतात,
त्यांच्यावरून काही ठरवू नये, मी स्वतःला बजावते.
बाजूला कागद आहे, मी तो उलटा ठेवलाय.
न्यूट्रोफिल. न्यूट्रोफिल. भक्षक.
एक गुलाबी.
न्यूट्रोफिल.
खाली मोरागचा फोन वाजतोय, वाजू दे.
दोनशे अकरा.
दोनशे बारा.