हजेरीपट

दुरगव्वा वर्गात अर्धी टोपली घेऊनच येते.
यमकनमर्डीहून सकाळची बस. तिकिटाचे पैसे मिळतात,
मानधनाचं बिल मात्र मार्चपासून अडलंय:
'शैक्षणिक पात्रता' या रकान्यात काय भरायचं
ते क्लार्कला ठरवता येत नाही.

कैकाडीचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम. विद्यार्थी नऊ.
शेवटच्या बाकावर तिचीच पुतणी,
ओळख न दाखवता बसलेली.

पहिल्या तासाला तिनं तुराटीचा पहिला वेढा घातला
आणि त्या वेढ्याचं नाव सांगितलं.
नऊ पेनं उठली. थांबली.
"सर, कुठल्या लिपीत?"

या बेळगावात एवढ्याच प्रश्नावरून
पाट्यांना डांबर फासलंय,
माझ्या काकाला सात टाके पडलेत.
मी खडू हातात धरून नुसता उभा.

दुरगव्वा म्हणाली, लिहू नका अजून.
काडी भिजवा आधी.
कोरडी मोडते.

तास सुटला तेव्हा फळा कोरा,
बोटांवर ओरखडे.
जिन्यात पुतणी फोनवर तो शब्द
कुणाला तरी ओरडून सांगत होती,
आणि पलीकडून कुणी तो दुरुस्त करत होतं.

इथं मी तो लिहिलेला नाही.
हजेरीपटावर सही केली फक्त,
मराठीत, सवयीनं.