कोपरा

कायानीच्या टपाल-छाननी केंद्रातले आम्ही अकरा जण,
ऑक्टोबरातला शुक्रवार, तळ्याकाठचं लाकडी शिबिर.
हेलसिंकीहून आलेल्या ओत्सोनं प्रश्नावल्या वाटल्या:
सत्तर प्रश्न, शेवटी ज्याचा त्याचा रंग.
मला लाल निघाला. म्हणजे पुढारी.
मी तो बिल्ला कोटावर लावला,
जरा नीट दिसेल असा.

आयमोचा हिरवा.
"शांत, जुळवून घेणारा, निर्णयाला कचरतो,"
ओत्सोनं वाचून दाखवलं.
आयमोनं बिल्ला उलटसुलट पाहिला
आणि डुगडुगत्या टेबलाच्या पायाखाली सारला.
टेबल थांबलं.

मग डोळ्यांवर पट्ट्या.
हातात वीस मीटर दोर, टोकाला टोक बांधलेला.
काम एवढंच: न बघता चौकोन करा.

मी म्हटलं, सगळ्यांनी माझं ऐका.
सगळे ऐकत होते, हीच पंचाईत.
मी "डावीकडे" म्हणे, की प्रत्येक जण
आपापल्या डावीकडे.
राइली म्हणाली, बटाटा होतोय.
तुक्का हसत सुटला, वेलामो कुणाच्या तरी बुटावर उभा,
आणि माझा आवाज चढत गेला
डिसेंबरात पार्सलांच्या ढिगापुढे चढतो तसा.
इतक्या वर्षांत तो मला
पहिल्यांदाच ऐकू आला.

तेवढ्यात दोर एका जागी अडला.
ओढून पाहिला, हलेना.
"कोण आहे तिकडे?"
"मी. खाली बसलोय."
"का?"
तळ्यावर हंसांचा थवा ओरडत गेला,
पार लांब गेला, तरी उत्तर नाही.
मग आयमो म्हणाला,
"कुणीतरी कोपरा व्हायला हवं ना."

यावर कुणी काही बोललं नाही.
राइली दोर चाचपत सात पावलं गेली, बसली.
पुढे तुक्का. त्याचं बसणंही ऐकू आलं,
गुडघे वाजतात त्याचे.
चौथा कोपरा उरला
आणि त्या जागी उभा मीच.
शेवाळ ओलं होतं. पँट भिजली.

पट्ट्या सोडल्या तर चौकोन कसला,
एक बाजू तळ्याकडे कललेली.
ओत्सोनं तरी फोटो काढला.

रात्री साउनात बिल्ला लावायला
अंगावर काही नसतं.
वरच्या फळीवर आयमो सरकला, मला जागा झाली.
मला त्याला बरंच विचारायचं होतं,
शब्द जुळवत मी दारातच उभा.
त्यानं तापल्या दगडांवर पळीभर पाणी टाकलं,
फस्सकन वाफ उठली.
"दार लाव," तो म्हणाला, "ऊब जातेय."

मी वळलो, दार लावलं.