ऐंशीला थांबणे

चार वर्षं लॅपटॉप टेबलाच्या त्याच कोपऱ्यात,
वायर भिंतीत, पुढचं महावितरणला ठाऊक.
रविवार कारंज्याच्या आसपासच्या सतरा दुकानांची खाती
मी इथे बसून भरते. जीएसटी म्हणजे वीस तारीख,
वीस तारीख म्हणजे पाठ.
खाली उजवीकडे बारीकसं चित्र: शंभर.
सकाळी शंभर. रात्री कुकर गार झाल्यावर शंभर.
बरं वाटायचं. घरात निदान एक काहीतरी
काठोकाठ भरलेलं.

एका शनिवारी दुपारी लाइट गेली.
पंख्याने निदान चार फेरे घेतले.
पडद्याने तेवढंही नाही. गपकन काळा,
त्यात माझा चेहरा, आणि चेहऱ्यामागे कुठेतरी
तांबटांची अख्खी तिमाही, सेव्ह न केलेली.

कॅनडा कॉर्नरला जिन्याखाली तन्वीर कोकणी बसतो.
लॅपटॉप उलटा केला, अकरा स्क्रू बाटलीच्या झाकणात मोजून ठेवले,
मागचं पान उचललं आणि नुसतं च्च केलं.
बॅटरी टम्म. निखाऱ्यावरची भाकरी फुगते तशी,
फक्त हिला वास नव्हता.
म्हणून दिवाळीपासून टचपॅड दाबलं जात नव्हतं,
आणि मी आपली बोटांना तेल लावत होते.

"ताई, ही वापरून नाही गेली. भरून भरून गेली.
सारखी शंभरवर, त्यात एप्रिल, त्यात खाली हे जाड कापड.
भरलेलं राहणं हेही तिला कामच असतं."
कापड मी स्वतः विणलेलं होतं. बोलले नाही.
जुनी त्याने बाहेर वाळूच्या डब्यात नेऊन ठेवली,
दोन्ही हातांनी, झोपलेलं मांजर उचलावं तशी.

नवी टाकली. सेटिंगमध्ये एक टिचकी:
ऐंशीला भरणं बंद. वायर राहू दे, काम विजेवर चालेल.
महिन्या-दोन महिन्यांतून वायर काढायची,
चाळीसपर्यंत उतरू द्यायची.
"शून्यावर नाही हां. शून्यही वाईटच."

रिक्षा गंगापूर रोडला लागली आणि अण्णा आठवले.
धरणावर दरवाजे चालवायचे.
जुलैत अख्खं नाशिक पेपर उघडून टक्के बघायचं,
शेजारचे शिरसाठ रोज विचारायचे, भरलं का हो?
आणि अण्णा भर पावसात पाणी सोडून यायचे.
लोक शिव्या द्यायचे. दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला
पाणी लागलं की आईसुद्धा तोंड फिरवायची.
अण्णा रेनकोट खुंटीला लावता लावता म्हणायचे,
आत्ताच भरलं, तर रात्री येणारं ठेवू कुठे?
मग बॅटरीतले सेल काढून ताटलीत ठेवायचे.
आमच्याकडे टॉर्चला बॅटरीच म्हणायचे,
आणि आतले सेल घरी आल्यावर वेगळे झोपायचे.
तेव्हा मला हा कंजूसपणा वाटायचा.

पहिले आठ दिवस ऐंशी बघवेना.
कुणीतरी वीस काढून नेले आहेत असं.
दोनदा ती टिचकी परत मारायला गेले,
एकदा मारलीही. मग मागे घेतली.

आज पहिला रविवार. वायर काढली.
गॅलरीत बसले आहे, लॅपटॉप मांडीवर नाही, पाटावर.
चार वर्षांत याने पहिल्यांदाच
पांडवलेण्यांचा डोंगर बघितला असेल.
मीही तसा बऱ्याच दिवसांनी.
एकाहत्तर. चौसष्ट. मध्ये कुणीतरी कोथिंबीर ओरडत गेला.
पन्नाशीला छाती थोडी धडधडली, खोटं कशाला बोलू.
तांबटांची तिमाही पुन्हा भरून झाली,
सेव्ह केली, दोनदा.
त्रेचाळीस.
उठायला हरकत नव्हती.
अजून तीन आहेत, बसते.