एका खेपेतल्या दोन घेऊ नयेत

कायतानने डिस्क टेबलावर ठेवल्या,
एक फोंड्याच्या दुकानातली, एक मडगावची.
"एका खेपेतल्या दोन घेऊ नयेत, मास्तर.
एका दिवशी जन्मलेल्या
कधी कधी एकाच आठवड्यात जातात."

सावईत पोफळींची ओल भिंतीतून आत येते.
चारशे बारा कॅसेटींतल्या साठेक
तिने आधीच खाल्ल्या होत्या,
फितीवर पांढरी बुरशी, विभूती लावल्यासारखी.
उरल्या त्या मी दोन वर्षं बसून
एकेक करून संगणकात उतरवल्या,
जेवढा वेळ गाणं, तेवढाच वेळ मी.

"चार आणि चार, मग जागा आठ का नाही?"
कुमुदिनीने विचारलं.
"चारच, वहिनी. दोघींवर तेच लिहायचं."
"आणि दुसऱ्या चाराचे पैसे?"
"एक मेली तर दुसरी वाजते."
ती थोडा वेळ काही बोलली नाही.
मग चहा टाकायला गेली.

रात्रभर हिरवे दिवे लुकलुकत राहिले.
सत्त्याऐंशीच्या चवथीची आरती,
घुमटाचं कातडं सैल पडलेलं,
मागे शेतातले बेडूक, समेची पर्वा नसलेले.
मंडपातल्या तालमी, पेटीचा एक सूर गळका.
वीज ओढली गेली म्हणून जड, संथ झालेलं एक पद,
जणू गाणारा पाण्यातून चालतोय.
बाबलमामाचा खोकला,
अंतऱ्याच्या आधी, दर वेळी, न चुकता.

पावसाळ्यात फोंड्याची गेली.
आधी टकटक, मग काहीच नाही.
कायतानने नवी बसवली
आणि मडगावची तिला सगळं सांगत बसली, एकोणीस तास.
मी पडद्यासमोर: एकसष्ट टक्के, बासष्ट.
वीज गेली नाही. देवाला नारळ बोललो होतो,
तो दुसऱ्या दिवशी दिला.

त्याच आठवड्यात मी साफसफाई काढली.
अकरा सेकंदांची एक फाइल, नाव नाही, नुसती खरखर.
पुसली.
झोपताना आठवलं:
खरखरीच्या शेवटी मामा विचारतो,
"चालू झालं मरे?"
आणि कोणीतरी, बहुतेक मीच, हसतो.

धावत गेलो.
दोन्ही दिवे हिरवे, दोन्ही डिस्क ठणठणीत.
एकीने विसरलं त्याच क्षणी
दुसरीनेही विसरलं होतं,
शिकवल्याप्रमाणे, अक्षर न् अक्षर.
मूळ कॅसेट? ती मीच दिली होती,
"आता सगळं आत आहे" म्हणत, भंगारवाल्याला.

कायतानला फोन केला. तो रागावला नाही.
"ती डिस्क मेली तर, मास्तर.
हात चुकला तर नव्हे."

आता तिसरी डिस्क साखळीला असते, बहिणीकडे,
तांदळाच्या रिकाम्या डब्यात,
औषधाच्या बाटल्यांतल्या ओल शोषणाऱ्या पुड्या घालून.
दर चवथीला नेवऱ्या घेऊन जातो,
जुनी आणतो, नवी ठेवतो.
बहीण म्हणते, "बँकेतसुद्धा एवढा येत नाहीस."

आणि भजनाला रेकॉर्डर लावला की
आता मिनिटभर आधीच चालू करतो.
कालच्या फाइलीत पहिलं येतं
सतरंजी झटकल्याचा आवाज,
मग कोणाची तरी चप्पल,
मग कुमुदिनी, लांबून:
"अहो, दिवा लागलाय का त्याचा? लाल?"
"लागलाय," मी म्हणतो.
ते मी कापलेलं नाही.