पासंग

सोहारच्या भट्टीमागची पत्र्याची खोली,
एसीचं पाणी बादलीत ठिबकतंय
आणि माझ्यापुढे दोन रकाने.

एकात वजन, शिफ्टआधीचं वजा शिफ्टनंतरचं.
दंबरबहादूर: एक किलो तीनशे चाळीस ग्रॅम.
काट्याला भीड नसते.
दुसऱ्यात थकवा, शून्य ते चार.
हा आकडा तोंडून आलेला,
मुकादमाने हिंदीत विचारलेला,
मी मनात मराठीत ऐकलेला.

बुथैना म्हणते, पिअरसन लाव आणि मोकळी हो.
पण पिअरसनला वाटतं, सगळ्या पायऱ्या एका उंचीच्या.
एकावरून दोनवर येणं म्हणजे बूट काढून जरा टेकणं.
तीनावरून चारवर?
शफीकुल गेला तसा. स्ट्रेचरवरून.

मग स्पिअरमन. तो सगळ्यांना रांगेत लावतो.
रांगेची सवय आहे इथे,
बसला, मेसला, पगाराला.
पण चौसष्टांतले एक्केचाळीस जण म्हणालेत, "दोन".
ही रांग नव्हे, घोळका.

आणखी एक पद्धत आहे.
तिच्यात धरून चालायचं, की थकवा आत सलग वाहतोय,
आकडे म्हणजे त्याच्या वाटेतले चार उंबरे.
हे मला पटतं.
तो घंटेच्या आकारात वाहतो, एवढं सोडून.

राहता राहिला केंडॉल.
तो दोघादोघांनाच बोलावतो:
घाम कुणाचा जास्त गेला? दमलंय कोण जास्त?
उत्तरं एका बाजूला झुकली, तर जोडी जमली.
मुरुगेसन आणि दंबरबहादूर.
दोघंही दोन.
डावं-उजवं करायला जागाच नाही.
अशा बरोबरीसाठी टाउ-बी असतो. तोच घेतला.
शून्य पूर्णांक एकोणीस.
एवढ्या उन्हात, एवढंसं नातं.

संध्याकाळी मुरुगेसन आला, दार लोटून घेतलं.
"तीन म्हटलं की खोलीवर पाठवतात, मॅडम.
दिवस कापतात."
म्हणजे दोन हा थकव्याचा आकडा नव्हताच,
रोजाचा होता.

मी म्हटलं, निदान वजन तरी खरं आहे.
तो काही बोलला नाही.
खिशात हात घालून
दोन मोठे बोल्ट टेबलावर ठेवले,
अजून कोमट.

मी ते काट्यावर ठेवले.
चारशे वीस ग्रॅम.
कुठल्या रकान्यात लिहू, सुचेना.
बादली भरून वाहायला लागली होती,
ती ओतायला तोच उठला.